कोकणातला पाऊस लायब्ररीत सापडत नाही

पडद्यावर एक बाई अंगणातून चालत येते, पायरी चढते आणि कडेवरची घागर ओट्यावर ठेवते. जेमतेम दहा सेकंदांचा शॉट. प्रेक्षकाचं त्यातल्या आवाजांकडे लक्ष जात नाही आणि जाऊही नये. पण ती पावलं, लुगड्याची सळसळ, पैंजण, घागरीचा ठोका यांतलं बरंचसं अंधेरीतल्या एखाद्या बंद खोलीत पुन्हा वाजवलेलं असतं. या कामाला आमच्या धंद्यात ‘फोली’ म्हणतात.

फोलीची खोली पहिल्यांदा बघणाऱ्याला ती भंगाराची वखार वाटते. जमिनीत चौकोन पाडलेले असतात. एकात शहाबादी फरशी, एकात कोबा, मग लाकडी फळ्या, खडी, वाळू, माती. भिंतीला टेकून सुटी दारं, कड्या-कोयंडे, छत्र्या, पितळी भांडी, गोणपाटं. आणि चपला! कोल्हापुरी, रबरी, पोलिसी बूट, टाचांचे सँडल. सगळं जुनं, कारण नवी चप्पल करकरते.

फोली आर्टिस्ट पडद्याकडे बघत जागच्या जागी चालतो. शिकाऊ माणूस नटाच्या पायांकडे बघतो, मुरलेला खांद्यांकडे. अर्ध्याअधिक शॉटमध्ये पाय दिसतच नाहीत आणि चाल खांद्यावरून कळते. थकलेली बाई आणि रागावलेली बाई एकाच फरशीवर वेगवेगळी वाजते. एका प्रसंगासाठी तीन फेऱ्या होतात. आधी पावलं, मग कपड्यांची हालचाल, शेवटी वस्तू. पैंजण वेगळे घेतात, म्हणजे मिक्सिंगला हवे तेवढे कमी-जास्त करता येतात.

खरी गंमत घागरीची. शूटिंगला घागर बहुधा रिकामी असते, नाहीतर नटी दिवसभर उचलणार कशी? त्यामुळे सेटवर मुद्रित झालेला आवाज पोकळ, टणटणीत. फोली आर्टिस्ट घागर गळ्यापर्यंत भरतो, दगडावर ओलं फडकं टाकतो, त्यावर ती टेकवतो आणि लगेच हात काढत नाही. भरलेलं भांडं ठेवताना माणूस क्षणभर ते सावरतो. ते सावरणं ऐकू आलं की प्रेक्षकाला पाण्याचं वजन पटतं.

आता तर सेटवरच थेट संवाद मुद्रित होतात, मग हा उपद्व्याप कशाला? सेटवरचा माइक माणसाच्या बोलण्यावर रोखलेला असतो. पावलं त्यात ओझरती येतात. दुसरं कारण व्यवहाराचं. सिनेमा दुसऱ्या भाषेत डब करायचा झाला की मूळ संवाद काढून टाकावे लागतात आणि त्यांच्यासोबत त्याच ट्रॅकमधली पावलं, भांडीही जातात. म्हणून संगीत आणि इफेक्ट्सचा संवादाविना असा वेगळा ट्रॅक द्यावा लागतो. त्याला ‘एम अँड ई’ म्हणतात. तो भरायचा फोलीनं.

‘फोली’ हे नाव जॅक फोली या युनिव्हर्सल स्टुडिओतल्या माणसाचं. बोलपट नुकते आले होते. युनिव्हर्सलनं मूकपट म्हणून सुरू केलेल्या ‘शो बोट’ला 1929 मध्ये आवाज जोडायची वेळ आली आणि फोली व त्याचे सहकारी पडद्याकडे बघत ते वाजवायला उभे राहिले. आपल्याकडच्या नभोनाट्यांतले, करवंट्यांवर घोडा दौडवणारे आणि पत्रा हलवून वीज पाडणारे कलाकार याच कुळातले.

पण सगळंच खोलीत वाजवता येत नाही. विमान, बाजार, गडगडाट, रातकिडे यांसाठी लायब्ररी लागते. बीबीसीनं 2018 मध्ये आपल्या संग्रहातले सोळा हजारांहून अधिक आवाज लोकांसाठी खुले केले. खासगी वापर, शिक्षण आणि संशोधनासाठी ते फुकट आहेत, धंद्यासाठी परवाना घ्यावा लागतो. बार्सिलोनाच्या विद्यापीठातून 2005 मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रीसाउंड’वर जगभरचे लोक आवाज टाकतात, तिथे प्रत्येक फाईलची अट वेगळी. कुठे श्रेयनामावलीत नाव द्यावं लागतं, कुठे व्यावसायिक वापराला मनाई. ‘फुकट मिळालं’ आणि ‘वापरायची मुभा आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगावं लागतं.

लायब्ररीचा दोष असा की ती जिथे तयार होते तिथलंच जग तिच्यात असतं. बेडूक म्हटलं की इंग्रजी सिनेमात ठरावीक ‘रिबिट’ ऐकू येतं. तो आवाज उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या बेडकाचा. हॉलिवूड त्याच्या शेजारी, म्हणून तो जगभराचा बेडूक झाला. आमच्या एडिटिंग टेबलावरही हेच होतं. विदर्भातल्या रानात परदेशी पक्षी ओरडतात. गावातली सकाळ म्हणून कोकिळ टाकला जातो, मग नट अंगावर घोंगडी घेऊन शेकोटीशी का बसलेला असेना! ऐन थंडीत कोकिळ जवळपास गप्प असतो. गावाकडच्या प्रेक्षकाला हे कानाने कळतं. त्याला काय खटकलं ते कदाचित सांगता येत नाही, पण खटकतं.

पावसाचं तसंच. परदेशी लायब्रऱ्यांत मी ‘छपरावरचा पाऊस’ अनेकदा ऐकला आहे, तो कौलांवरचा वाटत नाही. म्हणून पावसाळ्यात रेकॉर्डर घेऊन राजापूरकडे जातो. आधी घरमालकाला विनवून मेन स्विच बंद करायचा, कारण फ्रिजची घरघर कानाला सवयीची असते, माइकला नसते. फोन खोलीबाहेर. माइकला वाऱ्याची केसाळ टोपी घालून तो पडवीत, पागोळ्यांपासून हातभर आत. थेंब थेट माइकवर पडला की तो पाऊस वाटत नाही, कुणी टिचक्या मारतंय असं वाटतं. मग रेकॉर्डर सुरू करून आधी तोंडाने सांगायचं: मुसळधार, मंगलोरी कौल, पडवीतून, राजापूर, जुलै, पहाट. त्यानंतर हलायचं नाही. तोच पाऊस पुन्हा माजघरातून, पुन्हा सुपारीच्या बागेतून, पुन्हा गोठ्याच्या पत्र्याखालून घ्यायचा. पत्र्यावरचा पाऊस संवाद गिळतो, कौलांवरचा संवादाला जागा देतो. दिग्दर्शकाला कोणतं छप्पर हवं हे यावरून ठरतं.

सर्वांत कंटाळवाणं आणि मोलाचं काम त्यानंतरचं, फाईलला नाव देण्याचं. ‘स्टार वॉर्स’चे ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी 1951 च्या ‘डिस्टंट ड्रम्स’ या सिनेमातली एक किंकाळी स्टुडिओच्या संग्रहातून शोधून काढली. ती ‘विल्हेल्म किंकाळी’ पुढे शेकडो सिनेमांत गाजली. ती सापडली कारण नोंद चोख होती: मगरीनं खाल्ला जात असलेला माणूस.

या क्षेत्रात यायचं असेल त्यांना सरधोपट सांगतो. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. 2009 मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनीमिश्रणासाठी ऑस्कर घेणारे रसूल पूकुट्टी तिथलेच. कोलकात्याची सत्यजित राय संस्था आहे. प्रवेश नाही मिळाला तरी वाट बंद होत नाही. मात्र सुरुवात असिस्टंट म्हणूनच होते: संवादातला पंख्याचा आवाज काढणं, फोली पडद्याशी जुळवणं, संग्रह लावणं. रात्री-अपरात्रीचं काम, पैसे हप्त्याहप्त्यानं आणि उशिरा. पण कामं वाढली आहेत. सिनेमा-मालिकांबरोबर वेबसिरीज, गेम, पॉडकास्ट आहेत. 2017 मध्ये स्टोरीटेल भारतात आल्यापासून मराठी श्राव्यपुस्तकांचाही बाजार उभा राहिला आहे. महागडं सॉफ्टवेअर नंतर घ्या. आधी चांगला हेडफोन घ्या आणि कान जपा, ते दुसरे मिळत नाहीत.

बाकीच्या वाचकांना एक विनंती. घरी जातं अजून फिरत असेल, रहाटाला पाणी येत असेल, गावात पिठाची गिरणी सुरू असेल, तर ते आजच मुद्रित करा. साधा फोनही चालेल. जमलं तर वेव्ह फाईल ठेवा. सुरुवातीला ठिकाण, तारीख आणि वस्तू यांची नावं मोठ्याने सांगा, मग पाच मिनिटं बोलू नका. आणि घरी आल्यावर त्याच दिवशी फाईलला नाव द्या. नाव नसलेली फाईल पुढे कुणाच्याच कामाची राहत नाही.