गोणपाटावरचा जबाब

मागे अँडीज पर्वताची रांग, तिच्या माथ्यावर पिवळाधमक सूर्य. पायथ्याशी फळ्यांच्या खोपटांची वस्ती आणि वस्तीच्या मधोमध चुलीवर चढवलेलं मोठं पातेलं. पातेल्याभोवती बोटभर उंचीच्या बाहुल्या उभ्या आहेत. लोकरीचे केस, छिटाचे झगे, हातात वाडगे. एका कोपऱ्यात कारखाना आहे आणि त्याच्यावर दोऱ्याने मोठी फुली मारली आहे. कापड जेमतेम दीड फूट रुंद. लांबून पाहिलं तर लहान मुलांच्या खोलीत टांगायचं चित्र वाटावं. चिलीची राजधानी सान्तियागो इथल्या गरीब वस्त्यांतल्या बायकांनी १९७४ नंतरच्या पंधराएक वर्षांत अशी हजारो चित्रं शिवली. देशात काय चाललं आहे हे वर्तमानपत्रं सांगू शकत नव्हती, तेव्हा ते या कापडांनी परदेशांत पोचवलं.

चिलीत या चित्रांना ‘आर्पियेरा’ म्हणतात. तळाला गोणपाट किंवा पिठासाखरेच्या रिकाम्या पोत्याचं कापड, वर जुन्या कपड्यांच्या चिंध्या टाचून केलेलं चित्र आणि चारी बाजूंनी लोकरीची विणलेली किनार. आपल्या गोधडीत आजीचं लुगडं आणि नातवाचा सदरा शेजारी शेजारी येऊन बसतात, तसं इथेही घरातलंच कापड लागे. काही आर्पियेरांत बेपत्ता मुलाचा शर्ट किंवा नवऱ्याची विजार कापून लावलेली आहे.

हे ‘बेपत्ता’ कोण, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीच्या लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं. अध्यक्षीय प्रासादावर विमानांनी बॉम्ब टाकले, आयेंदे त्याच दिवशी मरण पावले आणि जनरल आउगुस्तो पिनोशे यांची राजवट सुरू झाली. ती १९९० पर्यंत टिकली. संसद बरखास्त झाली, डाव्या पक्षांवर बंदी आली, त्यांची वृत्तपत्रं बंद पडली. माणसं घरातून, कारखान्यातून, भर रस्त्यातून उचलली जाऊ लागली. आई किंवा बायको चौकशीला गेली की उत्तर मिळे, या नावाच्या कुणालाही आम्ही पकडलेलं नाही. मग बायका पोलीस चौकीतून इस्पितळात, इस्पितळातून शवागारात आणि तिथून पुन्हा चौकीत हेलपाटे घालत. तुरुंगांच्या दारांत आणि शवागारांच्या ओट्यांवर त्यांच्या एकमेकींशी ओळखी झाल्या.

दाद मागायला एकच दार उघडं होतं, चर्चचं. ऑक्टोबर १९७३ मध्ये वेगवेगळ्या धर्मसंस्थांनी मिळून एक मदत समिती उभी केली. पिनोशे यांच्या दबावामुळे ती १९७५ च्या अखेरीस बंद करावी लागली, तेव्हा कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी १९७६ च्या जानेवारीत थेट कॅथलिक चर्चच्या छत्राखाली ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही संस्था काढली. तिचे वकील बेपत्तांना न्यायालयापुढे हजर करण्यासाठी अर्ज करत. असे हजारो अर्ज झाले आणि जवळपास सगळे फेटाळले गेले. फेटाळलेल्या अर्जांचीही नक्कल मात्र जपून ठेवली गेली. पुढे सत्यशोधन आयोगाला तेच कागद उपयोगी पडले.

शिवणाचे पहिले गट १९७४ मध्ये, म्हणजे त्या आधीच्या समितीच्या काळातच जमले. व्हालेन्तिना बोन या चित्रकर्तीने सुरुवातीच्या बायकांना वाट दाखवली. कल्पना अगदीच आकाशातून पडली नव्हती. ‘ग्रासियास आ ला विदा’ या गाण्यामुळे जगभर माहीत असलेली गायिका व्हियोलेता पारा आजारपणात अंथरुणाला खिळली, तेव्हा गोणपाटावर लोकरीने भरतकाम करू लागली. १९६४ मध्ये पॅरिसला, लूव्रच्या इमारतीतल्या शोभाकला संग्रहालयात तिच्या कामाचं प्रदर्शन झालं. कवी पाब्लो नेरुदा यांचं घर असलेल्या इस्ला नेग्रा या किनाऱ्यावरच्या गावातल्या बायकाही १९६० च्या दशकापासून लोकरीने समुद्र, होड्या आणि शेतं भरत होत्या. त्यांच्या हातचं जवळपास आठ मीटर लांबीचं एक कापड १९७२ साली सान्तियागोतल्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार परिषदेसाठी बांधलेल्या नव्या इमारतीत लागलं होतं. पुढच्या वर्षी ती इमारत लष्करी सरकारने ताब्यात घेतली आणि कापड गायब झालं. ते हाती लागलं २०१९ मध्ये.

वस्त्यांतल्या गटांचं काम शिस्तीत चाले. पुएन्ते आल्तो, लो एर्मिदा अशा भागांत चर्चच्या आवारातल्या खोलीत बायका आठवड्यातून ठरल्या दिवशी जमत. कशाचं चित्र करायचं हे चर्चेतून ठरे. कुणाच्या गल्लीत पाणी तोडलेलं असे, कुणाच्या मुलाला शाळेतून परत पाठवलेलं असे, कुणी वरून जाणाऱ्या तारेवर आकडा टाकून वीज घेतलेली असे. सगळं चित्रात येई. एकीच्या घरातली गोष्ट दुसरीच्या सुईतून उतरायची. पुरं झालेलं काम गटापुढे ठेवायचं, कच्चे टाके दिसले तर उसवून पुन्हा घालायचे. विकारियाचे लोक तयार माल घेऊन जात आणि परदेशातल्या चिली निर्वासितांच्या मंडळांमार्फत युरोप-अमेरिकेत विकत. गटाची खजिनदार हिशेब ठेवी.

या कापडांबद्दल लिहिताना पैशाची गोष्ट पुष्कळदा दबक्या आवाजात सांगितली जाते, जणू त्याने निषेधाला कमीपणा येतो. तसं मुळीच नाही. १९७५ पासून सरकारी खर्चाला लागलेल्या कात्रीने कारखाने बंद पडत होते, घरातला कमावता पुरुष एकतर बेकार होता किंवा बेपत्ता. बायका आल्या त्या पोराबाळांच्या पोटासाठी. सुरुवातीला अनेकींना राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. पण भाकरीचा प्रश्न शिवायला घेतला की बंद कारखाना येतो, बंद कारखाना आला की तिथून उचललेला कामगार येतो. म्हणूनच ‘ओया कोमून’ हे चित्र इतक्या वेळा दिसतं. ओया कोमून म्हणजे सामाईक पातेलं. शेजारपाजारच्या घरांनी असेल नसेल ते एकत्र करून सगळ्यांसाठी रांधायचं. जगण्याची ही सोय आणि सरकारच्या आर्थिक धोरणावरचा आरोप एकाच पातेल्यात शिजत होता.

आणखी एक बदल चार भिंतींच्या आत घडला. बायको बाहेर बैठकीला जाते हे अनेक नवऱ्यांना रुचत नव्हतं. पण घरात येणारे पैसे तिच्या सुईचे होते. बैठकीत कुटुंबनियोजनापासून नवऱ्याच्या मारहाणीपर्यंत बोलणं होऊ लागलं, आणि काही वर्षांनी ते विषयही कापडावर आले.

बेपत्तांच्या नातेवाइकांच्या आर्पियेरा यांहून वेगळ्या दिसतात. त्यांत बायका छातीवर फोटो लावून उभ्या असतात आणि डोक्यावरच्या फलकावर ‘ते कुठे आहेत?’ असा सवाल असतो. न्यायालयाचं बंद दार असतं. कायदेमंडळाच्या कुंपणाला साखळदंडाने बांधून घेतलेल्या बायका असतात. तसं त्यांनी १९७९ मध्ये खरोखरच केलं होतं. १९७८ च्या अखेरीस लोन्केन गावच्या चुन्याच्या जुन्या भट्ट्यांत पंधरा पुरुषांचे अवशेष सापडले. लष्करी उठावानंतर महिन्याभरात उचललेली ही माणसं होती. बेपत्ता झालेले लोक मारले गेले आहेत याचा तो पहिला ढळढळीत पुरावा, आणि त्या भट्ट्याही आर्पियेरांत आल्या.

यातला सर्वांत जिव्हारी लागणारा विषय नाचाचा आहे. क्वेका हा चिलीचा लोकनाच जोडीचा. स्त्री-पुरुष हातात रुमाल घेऊन एकमेकांभोवती फिरतात. ८ मार्च १९७८ रोजी सान्तियागोच्या कौपोलिकान नाट्यगृहात बेपत्तांच्या नातलग बायकांनी हा नाच एकटीने केला. पांढरा ब्लाउज, काळा स्कर्ट, छातीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा फोटो. समोरची जागा मोकळी. पुढच्याच वर्षी पिनोशे सरकारने क्वेकाला राष्ट्रीय नृत्य जाहीर केलं. एकटीच्या क्वेकाच्या आर्पियेरा मात्र पुढे कितीतरी वर्षं शिवल्या गेल्या. त्यांत बाहुलीचा रुमालाचा हात कापडातून उचलून वर आलेला असतो, कारण हात आत रुई भरून वेगळा शिवलेला असे.

ही कापडं काय सांगतात हे सरकारच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. बायकांचं चिंध्यांचं काम म्हणून आधी कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग परदेशी जाणारी गाठोडी विमानतळावर अडवली जाऊ लागली, सरकारधार्जिण्या वर्तमानपत्रांनी ही देशाची बदनामी आहे असा ओरडा केला, आणि १९७७ मध्ये आर्पियेरा मांडणाऱ्या सान्तियागोतल्या एका कलादालनाला आग लावण्यात आली. पिनोशे यांच्या पत्नी लुसिया इरियार्त यांच्या हाताखालच्या ‘सेमा-चिले’ या महिला संस्थेने स्वतःच्या आर्पियेराही विकायला काढल्या. त्यांत होतं आनंदी खेडं, सुगी, बाजार. एखाद्या सत्तेला चिंध्यांच्या चित्रांना उत्तर म्हणून चिंध्यांचीच चित्रं काढावी लागतात, यावरून मूळ चित्रांचा घाव किती खोल गेला होता ते समजतं.

शिवणाऱ्या बायका सही करत नसत. पकडलं जाण्याची भीती होती. बऱ्याच कापडांच्या मागे मात्र एक छोटा खिसा असे आणि त्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी. चित्रात काय आहे ते दोन-चार ओळींत सांगितलेलं असे. स्वीडनमध्ये किंवा कॅनडात कापड विकत घेणाऱ्याच्या हाती ती चिठ्ठी पडे.

असं काम चिलीपुरतंच राहिलं नाही. १९८० च्या दशकात यादवीमुळे आयाकुचोतून लिमाला पळून आलेल्या पेरूच्या बायकांनीही आर्पियेरा शिवल्या. आणि चिलीशी काडीचाही संबंध नसताना आपल्या बिहारमध्ये १९८८ च्या सुमारास वेगळ्या वाटेने असंच काहीसं घडलं. मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या भूसुरा गावात निर्मला देवी आणि ‘आदिती’ संस्थेच्या विजी श्रीनिवासन यांनी सुजनीच्या कामाला नवं बळ दिलं. सुजनी म्हणजे जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने शिवून नवजात बाळासाठी केलेलं पांघरूण. त्याच धावदोऱ्याने, साखळी टाक्याची बाह्यरेषा देऊन, तिथल्या बायका हुंडा, पोटातच मारली जाणारी मुलगी, मतदान आणि एड्स यांवर चित्रं भरू लागल्या. २००६ मध्ये सुजनीला भौगोलिक मानांकन मिळालं. बाजाराने फुलापानांची मागणी जास्त केली ही खंत तिथे आहे. पण घरातल्या अत्याचाराची उघड नोंद करणारी सुजनी बायकांनी स्वतःच्या मर्जीने शिवली, हे विसरून चालणार नाही.

५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात चिलीच्या जनतेने पिनोशे यांना नाकारलं. विरोधकांच्या दूरचित्रवाणी प्रचारात एकटीचा क्वेका दाखवला गेला होता. लोकशाही आली तशी परदेशातली खरेदी ओसरली आणि बरेच गट मोडले. उत्तर आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या चिलीच्या रोबेर्ता बासिक यांनी २००८ पासून डेरी शहरात आणि नंतर देशोदेशी या कापडांची प्रदर्शनं भरवली. २०१० मध्ये सान्तियागोत उघडलेल्या स्मृती व मानवाधिकार संग्रहालयात आर्पियेरांचा मोठा संग्रह आहे. त्यातलं पुष्कळसं निर्वासितांनी आणि परदेशी मित्रांनी भेट दिलेलं आहे.

नव्या पिढीने सुई सोडलेली नाही. ‘मेमोरार्ते’ या गटाच्या बायका सांघिक आर्पियेरा करून त्या मोर्च्यांत नेतात. आणि मूळ प्रश्न अजून उभा आहे. ३० ऑगस्ट २०२३ रोजी चिली सरकारने बेपत्तांच्या शोधाची राष्ट्रीय योजना जाहीर केली. सरकारी नोंदीप्रमाणे सक्तीने बेपत्ता झालेल्यांची संख्या १,४६९ आहे. त्यांतल्या ३०७ जणांचे अवशेष ओळखून घरच्यांच्या हवाली झाले होते. बाकीच्यांचा शोध तोवर मुख्यतः त्यांच्या नातेवाइकांनीच चालू ठेवला होता. योजनेने ती जबाबदारी प्रथमच सरकारच्या अंगावर टाकली.