विकलेली गाडी ट्रेलरवर चढवण्याआधी

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना असल्यामुळे नव्या गाड्या भरून जाणारे लांबलचक ट्रेलर आपल्या भागात नवे नाहीत. जुन्या घरगुती मोटारीही आता तशाच गाड्यांतून जातात. जाहिरात पाहून हुबळीचा किंवा इंदूरचा माणूस बारामतीतली, इंदापुरातली मोटार घेतो, पैसे पाठवतो आणि न्यायला वाहतूक कंपनी पाठवून देतो. देणारा-घेणारा समोरासमोर येतच नाहीत. चावी जाते ती तिसऱ्याच माणसाच्या, ट्रेलरच्या ड्रायव्हरच्या हातात. त्याला तुमच्या व्यवहारातलं काही ठाऊक नसतं. म्हणून त्याच्या येण्याआधीची तयारी विकणाऱ्यानेच चोख करायची असते.

आधी पैसे. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय ट्रेलरला तारीख देऊच नये. समोरच्याने पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात रक्कम दिसली पाहिजे. ‘मी लष्करात आहे, गाडी न बघताच घेतो, वाहतुकीचं भाडं तेवढं तुम्ही भरा, मी वरचे पैसे टाकतो’ असं कोणी म्हणालं, तर बोलणं तिथेच थांबवा. आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

मग कागद. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांचं काम बारामतीच्या आरटीओकडे, म्हणजे एमएच ४२ कडे. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्राचा अर्जही लागतो. बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवावा. थकलेली ई-चलनंही भरून टाकावीत.

फॉर्म २८ वर चासी नंबरचा पेन्सिलने उतरवलेला ठसा लागतो आणि तो गाडी दारात उभी आहे तोवरच घेता येतो. काही गाड्यांत हा नंबर बॉनेटखाली असतो, काहींत पुढच्या सीटच्या पायाशी. आपल्याकडच्या गाडीत त्यावर काळ्या मातीचा नि ग्रीसचा थर बसलेला असतो. डिझेलच्या फडक्याने तो पुसावा, जागा कोरडी करावी, पातळ कागद चिकटपट्टीने ताणून लावावा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासावी. आकडे उमटतात. असे चार-पाच ठसे जास्तीचे काढून ठेवावेत. गाडी गेल्यावर पुन्हा मिळणार नाहीत.

मूळ आरसी ड्रायव्हरकडे देऊ नये. आरसी, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती त्याला पुरतात. मूळ कागद स्पीड पोस्टाने थेट घेणाऱ्याच्या पत्त्यावर जाऊ द्यावेत.

विम्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. गाडी विकली की तृतीय पक्षाचा विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण मात्र विमा कंपनीने नाव बदलल्याशिवाय जात नाही. म्हणजे नेमकी ट्रेलरवर असताना गाडी उघडी पडू शकते. वाहतूक कंपनीवर भिस्त ठेवायची म्हटलं, तर रस्तेवाहतुकीच्या २०११ च्या नियमांनुसार तिची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. चार लाखांची गाडी दहा हजार भाड्याने पाठवली, तर ही मर्यादा एक लाख होते. जास्त मूल्याची जोखीम कंपनीने बुकिंगच्या वेळी लेखी स्वीकारली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून प्रवासाचा वेगळा विमा घेणाऱ्याच्या नावाने काढायला लावा आणि त्याची प्रत आल्याशिवाय गाडी चढवू नका.

आता गाडी. गाडीत पाव टाकीपेक्षा जास्त इंधन नको. बॅटरी चांगली असावी, हँडब्रेक पक्का लागावा, कारण गाडी स्वतःच्या जोरावर फळीवरून चढते आणि तिथे थांबते. सीएनजी असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते ड्रायव्हरला दाखवा. गाडी चढवून झाली की तो व्हॉल्व्ह बंद करायला लावा. डॅशबोर्डवरचा गणपती, कप्प्यातली बिलं, सगळं काढून घ्या. फास्टॅग तर काचेवरून खरवडून काढा आणि बँकेकडून बंदही करा. ट्रेलरवर चढलेल्या गाडीचा टॅग सरडेवाडीच्या टोलनाक्यावर वाचला गेला, तर पैसे तुमच्या खात्यातून जातील.

गाडी धुतल्याशिवाय फोटो काढू नयेत, चिखलाखाली ओरखडा लपतो. चारही बाजू, काचा, टायर, आतला भाग आणि किलोमीटरचा आकडा स्पष्ट दिसला पाहिजे. आधीचा प्रत्येक पोचा बिल्टीवर, म्हणजे वाहतूक कंपनीच्या बुकिंगच्या पावतीवर, लिहून घ्या. त्याखाली ड्रायव्हरची सही, ट्रेलरचा नंबर, तारीख आणि वेळ हवी. तारीख-वेळ तर हवीच, कारण त्यानंतर गाडीने काही केलं तर पुरावा हाच.

ट्रेलर वस्तीवर येत नाही. नीरा डाव्या कालव्याकडेच्या अरुंद रस्त्यांवर तो वळतच नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला असतो, तर आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते तेव्हा वाहतूक वळवलेली असते. त्यामुळे भिगवण किंवा इंदापूरला, पुणे-सोलापूर महामार्गालगत, दिवसाउजेडी ट्रेलर गाठावा. ‘रात्री अकराला येतोय’ असा फोन आला तर सकाळची वेळ मागा. अंधारात गाडी तपासता येत नाही.

गाडी उतरवून घेताना नुकसान दिसलं, तर घेणाऱ्याने पोचपावतीवरच शेरा मारावा. दावा लावायचा झाल्यास बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत कंपनीला लेखी नोटीस जावी लागते.

गाडी गेली तरी काम उरतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या विक्रीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. परराज्यातल्या विक्रीत ना हरकत प्रमाणपत्र ४५ दिवसांत पाठवायचं असतं. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईचा भार नोंदीतल्या मालकावर ठेवला, गाडी पुढे अनेक हातांत गेलेली असूनही. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहा. तिथे अजून तुमचंच नाव दिसत असेल, तर घेणाऱ्याला फोन करा आणि नाव बदलेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.