घाटात 'सोबत' म्हणजे काय?

मंडळी, आजचा विषय माझ्या मनचा नाही. आपल्या पोखर्णीतली आणि परभणीतली मिळून सहा पोरं येत्या जुलैत मनालीहून लेहला सायकलवर जाणार आहेत. ती इथं पुढच्याच रांगेत बसली आहेत. त्यातला एक म्हणाला, "सर, मित्रांबरोबर डोंगरात जाण्यात तत्त्वज्ञान काय आहे, ते सांगा." त्याला वाटलं असेल, सर हिमालय, एकांत, आत्मशोध असं काहीतरी बोलतील. त्यातलं मला फार कळत नाही. मला बोलायचंय ते 'मित्रांबरोबर' या शब्दाविषयी, कारण घाटात तो शब्द फसवतो.

का फसवतो ते आधी बघू. आपला हा मुलूख सपाट. परभणीहून गंगाखेडला निघालात तर खरी लढाई वाऱ्याशी असते. ताशी पंचवीसच्या वेगानं सरळ बसून सायकल हाणली, तर वारा तुम्हाला साधारण पावणेदोन किलोच्या जोरानं मागं रेटतो. पण पुढं मित्र असला आणि तुम्ही त्याच्या चाकामागं राहिलात, तर तो वारा कापतो आणि तुमचे कष्ट चांगले पाव हिश्शानं वाचतात. मग आळीपाळीनं पुढं व्हायचं. सपाटीवर एकत्र राहणं फायद्याचंच असतं, त्यासाठी वेगळं प्रेम लागत नाही.

आता चढ घ्या. माणूस आणि सायकल मिळून पंच्याऐंशी किलो धरा, आणि शंभर मीटर गेल्यावर सहा मीटर उंची वाढते असा रस्ता. म्हणजे पाच किलोचं ओझं कुणीतरी सतत मागं ओढतंय. वेग उतरला ताशी आठवर, त्यामुळे वाऱ्याचा रेटा राहिला पावशेराहूनही कमी. मित्राच्या मागं राहून वाचणार काय? काहीच नाही. जो तो आपलं वजन आपल्याच पायांनी वर नेतो. बरं, आपण दिंडीत चालतो तसं सगळ्यांनी एका लयीत जावं म्हटलं, तर तेही जमत नाही. शेगावची पालखी परभणीहून गंगाखेडकडे जाते, त्यात म्हातारी बाई आणि तरणा पोरगा एकाच पावलानं चालतात, कारण पायी माणूस हवा तितका हळू होऊ शकतो. सायकल फार हळू झाली की डगमगते आणि पडते. म्हणून घाट लागला की दहा मिनिटांत टोळी फुटते. यात कुणाचा दोष नाही.

गिअरनं हे बदलत नाही. आमच्या वेळच्या काळ्या सायकलीला एकच दातेरी चक्र. पायडल एकदा फिरलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरायचं, मग चढावर उतरून ढकलायचं. आजच्या माउंटन बाइकला सर्वांत हलक्या गिअरमध्ये चाक एक फेराही पुरा करत नाही. काम तेवढंच राहतं, फक्त जास्त फेऱ्यांत वाटलं जातं. आणि गंमत सांगतो, ही सायकल जन्माला आली ती उतारासाठी! कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही मित्र जुन्या जाड टायरच्या सायकली ट्रकमध्ये घालून डोंगरावर न्यायचे आणि खाली सोडायचे. १९७६ पासून त्यांनी शर्यती लावल्या. त्या उताराचं नाव पडलं 'रिपॅक', कारण ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर वेळी नव्यानं भरावं लागायचं. १९७७ मध्ये जो ब्रीझनं खास या कामासाठी सायकल बांधली. वर चढायचं कौतुक पुढचं.

आता माझी गोष्ट, जी मी फारशी सांगत नाही. १९७३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं तेव्हाच्या औरंगाबादेहून सायकलींवर निघालो. दौलताबाद, वेरूळ, कन्नड, आणि मग औट्रम घाट उतरून चाळीसगाव. जवळच पाटणं, जिथं भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, तो शिलालेख बघायचा हे माझं खूळ. बाकीचे निमूट आले. परतताना सकाळी घाट चढायला लागलो. आम्ही तिघं माथ्यावर पोचलो, चहा घेतला. चौथा येईना. तासभर गेला. प्रत्येकाला वाटत होतं, तो दुसऱ्याच्या मागंच होता. मग उलटे उतरलो, दरीत डोकावत, हाका मारत. पायथ्याच्या टपरीवाल्यानंही त्याला पाहिलं नव्हतं. ती रात्र कशी काढली ते सांगत नाही.

तो दुसऱ्या दिवशी होस्टेलवर सापडला. त्याला पहाटेपासून ताप होता. घाटात चक्कर आली, एका ट्रकवाल्यानं सायकलसकट त्याला चाळीसगाव स्टेशनवर सोडलं, आणि मनमाडवरून तो घरी आला. आम्ही चिडलो, "ताप आहे हे सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "तुमची सहल मोडली असती." मग थोडं थांबून म्हणाला, "तुमच्यापैकी एकानं तरी मागं बघितलं का रे?" याचं उत्तर आमच्यापाशी नव्हतं.

ॲरिस्टॉटल मैत्रीबद्दल लिहिताना म्हणतो की माणसांनी सोबत जगणं म्हणजे गुरांसारखं एकाच रानात चरणं नव्हे. बोलणं आणि विचार यांत एकमेकांना वाटा देणं, ते सोबत जगणं. एम. ए. ला हा उतारा मी पाठ केला होता. पण त्या घाटात आम्ही चौघं गुरांसारखेच चरत होतो. त्यानं ताप वाटून घेतला नाही, आम्ही नजर वाटून घेतली नाही.

पोरांनो, तुमच्या रस्त्यावर हे अंगाशी येतं. परभणी समुद्रसपाटीपासून चारशे मीटरवर. तुम्ही तांगलांग ला ओलांडणार तो पाच हजार तीनशेच्या वर, तिथं हवेचा दाब इथल्या निम्म्याच्या आसपास. डॉक्टर सांगतात, तीन हजार मीटरच्या वर रोज झोपायची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नका. जिस्पा आहे साधारण बत्तीसशेवर आणि सरचू त्रेचाळीसशेवर; एका दिवसात ती उडी मारू नका, मधे मुक्काम घाला. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. सरळ रेषेत टाचेला टाच लावून चालता येईना, बडबड सुटली, बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली. आणि त्याच्याबरोबर कुणीतरी जायचंच.

यातली मेख अशी की दुखणं लपवणारा बहुतेक वेळा भला पोरगा असतो. तो मित्रांची सहल वाचवत असतो. शिवाय विरळ हवेत सगळ्यांचीच अक्कल थोडी मंदावते. म्हणून 'बघू तिथं गेल्यावर' म्हणू नका. आत्ता, इथं ठरवा. सर्वांत दमदार गडी शेवटी राहील, म्हणजे त्याच्या मागं कुणी उरणार नाही. प्रत्येक पाच किलोमीटरवर थांबून डोकी मोजायची. आणि रोज रात्री जेवताना प्रत्येकानं आपलं काय दुखतं ते सांगायचं, 'काही नाही' हे उत्तर चालणार नाही. कुणाला खाली न्यावं लागलं तर कोण जाणार, त्याचा क्रम कागदावर लिहा.

आधी बालाघाटात जा. गंगाखेडच्या दक्षिणेला रानीसावरगावकडे चढउतार आहेत, तिथं दोन रविवार हे करून बघा. कोण मागं वळून बघतो आणि कोण बघत नाही, ते तिथंच कळेल. आता प्रश्न विचारा. पण आधी मला सांगा, शेवटी कोण राहणार?