सोन्याच्या मागावर : भाग ६ – पाल्याखालचा हात

मागच्या भागात आपण ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात सोनं शोधायला लागणाऱ्या ‘मायनर्स राइट’ परवान्यापाशी थांबलो होतो. परवाना खिशात आहे, मेटल डिटेक्टर हातात आहे. पण रानात शिरण्यापूर्वी सापाबद्दल बोलायलाच हवं, आणि तेही जरा सविस्तर.

मेलबर्नच्या वायव्येचा हा सगळा पट्टा आयर्नबार्क झाडांच्या कोरड्या रानाचा. इथल्या मोलियागुल गावाजवळ १८६९ मध्ये ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सोन्याचा प्रचंड गोळा सापडला, तो जमिनीखाली जेमतेम तीन सेंटिमीटरवर. १९८० मध्ये किंगोवरजवळ केविन हिलियर यांना डिटेक्टरने ‘हँड ऑफ फेथ’ मिळवून दिला, सुमारे २७ किलोंचा. तेव्हापासून हौशी लोकांची पावलं या रानाकडे वळत राहिली आहेत.

हौशी माणसाला सगळ्यात जास्त ओढ असते ती जुन्या खाणकामगारांनी उपसून टाकलेल्या मातीदगडांच्या ढिगाऱ्यांची. त्यांच्या नजरेतून सुटलेलं सोनं तिथे मिळू शकतं. पण त्या दगडांमधल्या फटी, पडलेली खोडं आणि उंदरांची बिळं सापालाही तितकीच सोयीची. सप्टेंबरपासून ऊन तापू लागतं, साप बाहेर पडतात आणि दोघंही एकाच ढिगाऱ्यावर येतात.

एरवी रानवाटेने चालणाऱ्याला साप बऱ्याचदा दिसतच नाही, कारण पावलांची चाहूल लागून तो आधीच निघून गेलेला असतो. डिटेक्टरवाला मात्र मुंगीच्या पावलांनी सरकतो. कानांवर हेडफोन असल्यामुळे शेजारची सळसळ त्याला ऐकू येत नाही. नजर डिटेक्टरच्या जमिनीलगतच्या कॉइलपुढच्या हातभर जमिनीवर खिळलेली. आणि मग तो आवाज येतो, ज्यासाठी सकाळपासून पायपीट केली. माणूस गुडघ्यावर बसतो आणि हाताने पाला बाजूला सारतो. मला सगळ्यात भीती वाटते ती याच क्षणाची. पाला हलवायचा तो लांब दांड्याच्या कुदळीने, बोटांनी कधीच नाही. हेडफोन एका कानावरून सरकवून ठेवावा. जाड बूट आणि पिंढऱ्यांवर गेटर्स हवेतच.

इथला सगळ्यात धोकादायक साप म्हणजे ईस्टर्न ब्राऊन. अंगाने सडपातळ, चपळ, दिवसाउजेडी उंदरांमागे फिरणारा. आपल्या नागासारखा फणा त्याला नाही. डिवचला गेला तर मान उचलून इंग्रजी एस अक्षरासारखी वळवतो. त्याचे विषदंत लहान असतात, त्यामुळे दंश कधी कधी दुखतही नाही. काटा टोचला असेल म्हणून माणूस काम चालू ठेवतो. आत मात्र विष रक्त गोठवणारे घटक झपाट्याने संपवत असतं, आणि काही जण तासाभराच्या आतच अचानक कोसळतात. म्हणून शंका आली तरी तो दंशच समजायचा.

अशा वेळी करायच्या उपचाराचं श्रेय मेलबर्नचे डॉ. स्ट्रुआन सदरलँड यांना जातं. इथल्या सापांचं विष मुख्यतः लसिकावाहिन्यांतून पसरतं आणि स्नायू हलले की पुढे ढकललं जातं, या समजेवर त्यांची पद्धत उभी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ती मांडली : दंशाच्या जागेवरून सुरुवात करून त्या सबंध हाताला किंवा पायाला रुंद लवचीक पट्टी घट्ट गुंडाळायची, फळी किंवा काठी बांधून तो अवयव स्थिर करायचा आणि माणसाला जिथल्या तिथे झोपवायचं. गाडीपर्यंतही चालवत न्यायचं नाही. फोन करायचा ००० वर. जखम धुवायची नाही. चालायचंच नसल्यामुळे दोन पट्ट्या अंगावरच्या खिशात हव्यात. गाडीत राहिलेली पट्टी एकट्या माणसाच्या काय कामाची?

मेलबर्नच्या मराठी वाचकांनी ही रीत मनात पक्की करावी. पण सुट्टीत गावी आल्यावर ती सरसकट वापरू नये. घोणस आणि फुरशाचं विष चावल्या जागचं मांस नासवतं. घट्ट पट्टीने ते तिथेच कोंडून नुकसान वाढू शकतं. तिथे अवयव न हलवता, काहीही न आवळता, थेट इस्पितळ गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर मिळून एकच प्रतिविष दिलं जातं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये.

(पुढच्या भागात : खिळा की सोनं, आवाजावरून ओळख)