चार्जरमधले पाच मिलिमीटर

महाशिवरात्रीला वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला येणारे भाविक देवळात अनवाणी असतात, कित्येकांचे पाय ओलेही असतात. त्यांचे फोन लॉजमधल्या, चहाच्या टपरीवरच्या सॉकेटला लागलेले असतात. ओली त्वचा विजेला फारसा विरोध करत नाही. म्हणून चार्जर कोणता आहे, हा तिथे जिवाचा प्रश्न आहे.

चार्जरमध्ये शिरते 230 व्होल्टची एसी वीज. डायोड आणि कपॅसिटर तिची सुमारे 325 व्होल्ट डीसी करतात, आणि एक ट्रान्झिस्टर ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. या वेगामुळेच ट्रान्सफॉर्मर बोटाच्या पेराएवढा झाला. जुन्या जड अडॅप्टरमधला सेकंदाला 50 आवर्तनांवरच चालायचा. पण आकार घटला तशा 325 व्होल्टची बाजू आणि फोनकडची 5 व्होल्टची बाजू एकमेकींना खेटल्या. दोघींना तार जोडत नाही. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते, आणि व्होल्टेज किती झालं याचा निरोप ऑप्टोकप्लर प्रकाशातून परत आणतो.

चार्जरमधल्या पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या पाटीवर, या दोन बाजूंमध्ये साधारण 5 ते 6 मिलिमीटर अंतर लागतं. धूळ आणि दमटपणा एकत्र आले की पृष्ठभागावरून विजेला वाट मिळते. म्हणून चांगल्या चार्जरच्या पीसीबीत मध्ये आरपार खाचही कापलेली असते. ट्रान्सफॉर्मरमध्ये बहुधा तिहेरी आवरणाची तार असते. दोन बाजूंमधला हा अडसर 3000 व्होल्टला एक मिनिट टिकावा लागतो.

स्वस्त नकली चार्जरमध्ये काटकसर नेमकी इथे होते: अंतर मिलिमीटरभर, तारेवर नुसतं इनॅमल, आणि दोन बाजूंना सांधणाऱ्या खास वाय कपॅसिटरच्या जागी साधा कपॅसिटर. तो आतून शॉर्ट झाला की घरची वीज थेट फोनच्या धातूवर येते. तोवर फोन मात्र छान चार्ज होत असतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला काही कळत नाही.

चांगल्या चार्जरवरही धातूच्या फोनला हात लावताना कधी हलक्या मुंग्या जाणवतात. ती वाय कपॅसिटरमधून झिरपणारी, पाव मिलिअँपिअरच्या मर्यादेतली वीज असते. झटका बसला तर मात्र चार्जर फेकून द्या.

केंद्रीय आदेशाने अडॅप्टरना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली. ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक चार्जरवर शोधा आणि ‘बीआयएस केअर’ अॅपवर पडताळा. वेरूळच्या लॉजमालकांना आणि दुकानदारांना कळकळीची विनंती: सॉकेटच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळताच लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या.