टिपऱ्यांचे घर आणि आपले घर

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आपण बहुधा विषादाच्या वेळी उच्चारतो. शेजारच्या घरातील धुसफूस कानी आली की हीच म्हण तोंडावर फेकून आपण आपल्या मनाचे समाधान करून घेतो. परंतु त्याच मातीच्या चुलीतून निर्मळ हास्यही निपजू शकते आणि ते वीस-पंचवीस वर्षे टिकू शकते, याची प्रचीती महाराष्ट्रास एका दूरचित्रवाणी मालिकेने आणून दिली. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ हे तिचे नाव. त्या काळी ‘अल्फा मराठी’ या नावाने चालणाऱ्या वाहिनीवर ती २००१ साली सुरू झाली आणि २००४ पर्यंत चालली. तिच्यानंतर कितीतरी मालिका आल्या आणि विस्मृतीत गेल्या. पण हिचे भाग लोक आजही भ्रमणध्वनीच्या इवल्याशा पडद्यावर पाहतात, आणि ज्यांचा जन्म त्या वेळी झालाही नव्हता अशी मुले आबांच्या लकबींची नक्कल करतात. हे असे का व्हावे, याचा थोडा विचार वाचकांसमोर मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम तिच्या कुळाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे घरगुती विनोदाची परंपरा जुनी आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे मराठी विनोदाचे आद्य आचार्य. (त्यांचे जळगाव ते आमचे खानदेशातील जळगाव नव्हे, वऱ्हाडातील जळगाव जामोद, आमचे विद्यार्थी परीक्षेत हटकून येथेच घसरत.) त्यांच्यानंतर बडोद्यास पालीचे अध्यापन करणारे प्राध्यापक चिं. वि. जोशी यांनी चिमणराव जोग हा साधाभोळा कारकून जन्मास घातला. चिमण, त्याची पत्नी काऊ, मुले मोरू, राघू आणि मैना, असे जणू पाखरांचेच ते घरटे, आणि त्याच्या राखणीस सोटा घेतलेला गुंड्याभाऊ. १९४० साली मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ या बोलपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले. पुढे मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्या दशकाच्या अखेरीस हेच कुटुंब छोट्या पडद्यावर अवतरले. त्यातील गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांनी रंगविला, आणि चिमणराव झाले होते दिलीप प्रभावळकर.

आमच्या खानदेशात त्या वेळी मुंबईचे प्रक्षेपण पोहोचत नसे. नुकताच मॅट्रिक होऊन मी मुंबईस मामांकडे गेलो होतो, तेव्हा गिरगावातील चाळीत, ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी संच होता त्यांच्या उंबऱ्याबाहेर दाटीवाटीने उभा राहून मी एक भाग पाहिला. चित्र कृष्णधवल होते आणि माझ्यापुढे कोणातरी उंच गृहस्थांचे डोके होते, म्हणून मला चिमणराव अर्धाच दिसला. पण ऐकू मात्र पूर्ण आला, आणि तेवढ्यानेच माझी हसून पुरेवाट झाली. त्या वेळी तिशीत असलेला तोच नट सत्तावन्नाव्या वर्षी आबा टिपरे होऊन आला. ज्या पिढीने त्यांना बावळट गृहस्थाच्या भूमिकेत पाहिले होते, तीच पिढी आता नातवंडांची झाली होती. एकाच नटाच्या मुखाने महाराष्ट्राने आपले तारुण्य आणि आपले वार्धक्य पाहिले, असा योग क्वचितच जुळून येतो.

‘टिपरे’ची मूळ कल्पना प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकातील. अनुदिनी म्हणजे रोजनिशी. केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत घर तीन पिढ्यांचे आहे. निवृत्त आजोबा गंगाधरपंत ऊर्फ आबा, त्यांचा मुलगा शेखर, सून श्यामला, नात शलाका आणि नातू शिरीष, म्हणजे घरच्या भाषेत शिऱ्या. राजन भिसे, शुभांगी गोखले, रेश्मा नाईक आणि विकास कदम यांनी ही माणसे अशी उभी केली की, ही आपल्याच आळीतील मंडळी आहेत असे वाटावे. घरात काहीतरी किरकोळ घडते, त्यावरून कोणी रुसतो, कोणी फुगतो, कोणी फजीत पावतो, आणि त्या घटनेविषयी प्रत्येकजण आपापल्या रोजनिशीत आपापले मत नोंदवितो. घटना एक, तिचे साक्षीदार पाच, आणि पाचही साक्षी निराळ्या.

माझ्या मते या मालिकेचे चिरंजीवित्व याच युक्तीत आहे. आपल्या एकत्र कुटुंबात माणसे पुष्कळ असतात, पण मत बहुधा एकाचेच चालते. वडील माणसाने सांगावे आणि इतरांनी ऐकावे, हा शिरस्ता. टिपऱ्यांच्या घरीही आबांचा मान आहे. परंतु आबांच्या वहीला जेवढे वजन, तेवढेच सुनेच्या वहीला, आणि तेवढेच कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या वहीला. प्रेक्षक शेखरवर रागावून बसतो न बसतो तोच शेखरची वही उघडते, आणि त्या बिचाऱ्याची बाजू कळून राग निवळतो. कोणीही दुष्ट नाही, तरीही रोज खटके उडतात, ही गोष्ट आपल्या अनुभवाशी तंतोतंत जुळते. पुढील काळातील दैनंदिन मालिकांत सासवा-सुनांनी एकमेकींविरुद्ध केलेली कारस्थाने महिनोन् महिने चालू लागली. घरात कारस्थान क्वचितच असते, गैरसमज मात्र रोजचेच असतात. म्हणून कारस्थानाची कथा पाहून झाली की मनातून जाते, आणि गैरसमजाची कथा ओळखीची होऊन मनात राहते.

दुसरे कारण हास्याच्या जातीचे. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे आणि शेवटचे दोन अधमांचे, अशी त्यांची वाटणी आहे. दातही दिसू नयेत इतके मंद ते स्मित. आणि डोळ्यांत पाणी येऊन माणसाने बरगड्या धराव्या ते अतिहसित. मी वर्गात हा भाग शिकविताना पोरे विचारीत, “गुरुजी, मग पोट धरून हसणारे आम्ही सगळे अधम काय?” त्यावर मी उत्तर देई की, अधमपणा आवाजात नसतो, कोणाला हसतो यात असतो. टिपऱ्यांच्या घरी कोणाच्या व्यंगाला, जातीला किंवा दारिद्र्याला हसत नाहीत. हसणे आहे ते स्वतःच्या हट्टाला आणि स्वतःच्या फजितीला. आबा म्हातारे आहेत म्हणून विनोदी नाहीत. म्हातारे असूनही नातवाइतकेच खोडकर आहेत, म्हणून विनोदी आहेत. वार्धक्याची टवाळी न करता वार्धक्याला हसविणे हे मोठे अवघड काम आहे.

एक तिसरे, व्यावहारिक कारणही विसरता कामा नये. कोणतीही कलाकृती टिकायची म्हणजे प्रथम ती जतन व्हावी लागते. अमेरिकेत ‘आय लव्ह लूसी’ नावाची अशीच एक कौटुंबिक विनोदी मालिका १९५१ ते १९५७ या काळात चालली. त्या वेळी तेथील कित्येक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत आणि हवेत विरून जात. लूसीचे प्रयोग मात्र प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर टिपले गेले, आणि म्हणूनच ते पुनःपुन्हा दाखविता आले. ‘टिपरे’लाही नंतरच्या काळाने तीच सोय करून दिली. परंतु जतन झालेले सगळेच पाहिले जाते असे नाही. पेटीत पुष्कळ वस्तू असतात. रोज हात जातो तो एखाद्याच वस्तूकडे.

आता थोडे स्वतःचे सांगतो, आणि तेच सांगण्यासाठी खरे म्हणजे हा लेख लिहावयास बसलो.

आमचे मूळ घर धुळ्यास. मी नोकरीनिमित्त जळगाव जिल्ह्यात असलो तरी सुट्टी लागली की एस.टी.ने धुळे गाठावयाचे, असा नेम असे. कुटुंब तेथेच होते. घरी वडील, माई, दादा, वहिनी, आमचे कुटुंब आणि चार मुले. वडील जुन्या वळणाचे. दूरचित्रवाणीस ते ‘डबा’ म्हणत, पण टिपऱ्यांची वेळ झाली की डब्यासमोर पहिली खुर्ची त्यांचीच. एके दिवशी त्यांनी दुकानातून नऊ वह्या आणविल्या आणि फर्मान सोडले की, महिनाभर घरातील प्रत्येकाने रोज चार ओळी लिहावयाच्या आणि महिनाअखेर त्या सर्वांसमक्ष वाचावयाच्या. मुलांना गंमत वाटली; बायका मात्र एकमेकींकडे पाहू लागल्या.

ठरल्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर वडिलांनी चष्मा लावला आणि वाचन सुरू केले. धाकट्या पुतण्याने रोजच्या रोज फक्त भाजीचे नाव लिहिले होते, आणि वांग्याच्या भरताच्या दिवशी त्यापुढे तीन उद्गारचिन्हे होती. दादांनी जमाखर्च लिहिला होता. माझ्या वहीत सुभाषितांचे अर्थ होते. खूप हशा झाला. मग आमच्या कुटुंबाची वही आली. बरीच पाने कोरी होती. एका पानावर एकच ओळ होती: आज सबंध दिवसात मला माझ्या नावाने कोणी हाक मारली नाही.

वडील थांबले. त्यांनी वही मिटली आणि “आज पुरे,” म्हणून ते उठून गेले. ती खाली मान घालून बसली होती. मला प्रथम, खरे सांगतो, राग आला. चारचौघांत असे लिहावयाचे काय कारण, असे मी तिला रात्री विचारलेही. ती म्हणाली, “लिहा म्हणालात, म्हणून लिहिलं. खोटं लिहायचं होतं का?”

त्या रात्री मी हिशेब करू लागलो. सासरी आली तेव्हा आमच्या चालीप्रमाणे तांदळात तिचे नवे नाव लिहिले गेले. माहेरचे नाव गेले. नवे नावही फक्त पत्रिकेवर आणि शिधापत्रिकेवर राहिले. माई तिला ‘धाकटी’ म्हणत, दादा-वहिनींची मुले ‘काकू’, आमची मुले ‘आई’, आणि मी नुसताच ‘अगं’ म्हणे. वर्गात रोज सकाळी हजेरीपटावरून साठ मुलांची नावे मी न चुकता घेत असे. एखादे नाव राहून गेले तर ते पोर उभे राहून सांगे, “गुरुजी, माझं नाव राहिलं.” घरी एकीचे नाव वीस वर्षे राहून गेले होते, आणि ती उभी राहिली नव्हती, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील पडवीत बसले होते. त्यांनी चहासाठी हाक मारली, ती तिच्या माहेरच्या नावाने. ते नाव त्यांना आठवत होते, याचेच सर्वांना नवल वाटले. आतून भांडे पडल्याचा आवाज आला. माई काही बोलल्या नाहीत. पुढे वडील असेतोवर त्यांनी तो क्रम सोडला नाही. मला मात्र ते नाव जिभेवर यावयास त्यानंतरही बरेच दिवस लागले. संस्कृताची अवघड रूपे सहज म्हणणारी जीभ तेथे अडखळे.

आता वडील नाहीत, माईही नाहीत. दादांचे बिऱ्हाड पुण्यास मुलाकडे गेले आहे, आणि धुळ्याच्या त्या घरात आम्ही दोघेच असतो. परवा नातू सुट्टीत आला होता. त्याने भ्रमणध्वनीवर टिपऱ्यांचा एक भाग लावला आणि आम्ही तिघे एकाच उशीवर टेकून तो पाहू लागलो. आबांच्या एका वाक्यावर तो इतका हसला की त्याच्या हातून यंत्र खाली पडले. मग त्याने विचारले, “आजी, तुझी वही कुठंय गं?” ती म्हणाली, “आता लागत नाही.”

ज्या घरांत आज तीन पिढ्या एकत्र नांदत आहेत, त्या घरांतील वडील मंडळींस माझी एवढीच विनंती आहे. ही मालिका सहकुटुंब पाहावी आणि मनमुराद हसावे. मग एकदा आपल्या घरातील वह्या मनातल्या मनात मोजाव्या, आणि त्यांपैकी कोणाची वही कोरी राहिली आहे, ते पाहावे.