आवतण प्रार्थनेचे

आमच्या वऱ्हाडात जेवणाच्या आवतणाला फार मान. घरातल्या एकालाच बोलावले तर ते साधे आवतण. सगळ्या घराला बोलावले, म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायचीच नाही, तर ते चूलबंद. लग्नात कोणाचे आवतण राहून गेले म्हणून भाऊबंदांत वर्षानुवर्षे अबोला राहिल्याचे आपण सर्वांनीच पाहिले आहे. पण प्रार्थनेचे, भजनाचे आवतण? तिथे आपण म्हणतो, ‘देवाचे दार सर्वांना उघडे आहे, ज्याला यायचे तो येईल.’ एवढे बोलून आपण मोकळे होतो.

दार तरी सर्वांना कुठे उघडे होते? १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा, हा तिचा विषय. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांना थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी कळली. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी या मागणीला साथ दिली. त्या लोकांना कोणाचे आवतण नको होते, हक्क हवा होता. हा फरक मी मुद्दाम सांगतो. हक्क नाकारून वरून प्रेमाने बोलावण्यात काही अर्थ नसतो. मात्र हक्क मिळाला, कायदा झाला, तरी दारात पाय अडखळतो. आत गेल्यावर कुठे बसायचे, कोण काय म्हणेल, ही धाकधूक कायद्याने जात नाही. तिथे माणूसच लागतो.

हे ज्यांनी ओळखले, त्यांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मी आधी घेईन. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा त्यांचा जन्म, १९०९ सालचा. १९३५ मध्ये त्यांनी नागपूर रस्त्यावरच्या मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. तिथल्या प्रार्थनामंदिरात कोणाचीही मूर्ती नाही, समोर असते ते फक्त अधिष्ठान. म्हणजे हा देव तुमचा की आमचा, हा प्रश्नच उरत नाही. प्रार्थनेला सगळ्यांनी ओळीत बसायचे. पाटील आणि त्याचा सालदार एकाच ओळीत मांडी घालून बसतात, तेव्हा वेगळे प्रवचन करावे लागत नाही.

पण माणसे तिथपर्यंत यायची कशी? त्यासाठी रामधून. पहाटे गाव झाडायचे, सडा घालायचा आणि मग भजन म्हणत गल्लीगल्लीतून फिरायचे. ‘ग्रामगीते’त महाराजांनी या रामधूनचे महत्त्व सांगितले आहे. माझ्या मते तिचे मर्म असे, की आवतण देणारा आधी तुमच्या दारापुढचा कचरा उचलतो आणि मग तुम्हाला बोलावतो. याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा हेच खराट्याने करीत. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन. कीर्तनातही समोरच्यांना प्रश्न विचारून बोलते करायचे. नुसते ऐकायला आलेला माणूस मग कीर्तनाचा भागच होऊन जायचा.

आता आमच्या अकोल्याची गोष्ट. इथे मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे. चर्चच्या फाटकावरून मी कित्येक वर्षे जात-येत होतो, आत कधी गेलो नाही. कोणी अडवले नव्हते, कोणी बोलावलेही नव्हते. एका नाताळात आमचे शेजारी घरी आले. म्हणाले, “भाऊ, उद्या सकाळी या, वहिनींनाही आणा. मी फाटकाशीच उभा राहतो.” मला नेले ते या शेवटच्या वाक्याने. चपला कुठे काढायच्या, उभे कधी राहायचे, हे सगळे त्यांनी हळूच सांगितले. गाणी सुरू झाली आणि माझे अवघडलेपण निम्मे गेले, कारण मराठी चर्चमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने गातात आणि त्यांची धाटणी आपल्या अभंगांची. धर्म बदलावा असे मला वाटले नाही, त्यांनीही तसे सुचवले नाही. पुढच्या आषाढी एकादशीला मी त्यांना विठ्ठलमंदिरातल्या भजनाला बोलावले. ते आले, पेटीच्या शेजारी बसले. सुनेच्या बाळंतपणाची काळजी त्यांनी मला त्या रात्री परत येताना सांगितली. बारा वर्षांच्या शेजारात तोवर आमचे बोलणे नळाच्या पाण्यापलीकडे गेले नव्हते.

आवतणाची सक्ती होऊ नये, हेही खरे. एकदा सांगावे, फार तर दोनदा. आला नाही तर तोंड वाकडे करू नये, आणि आला तर ‘आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं’ असा टोमणा मारू नये. या टोमण्याने परत गेलेली माणसे मी मोजली आहेत. भोंगा तेवढा आवतणात धरू नका, तो सगळ्यांना ओरडून सांगतो आणि कोणालाच बोलावत नाही. नवरात्रात म्हणा, नाताळात म्हणा, पत्रिका वाटून होतात. पण गल्लीच्या टोकाला भाड्याने राहणारे नवीन कुटुंब, एकट्या राहणाऱ्या आजी, हॉस्टेलवरची पोरे यांच्याकडे पत्रिका जातच नाही. त्यांच्याकडे कोणीतरी चालतच जावे लागते. आणि परत येताना सोबत.